खुर्ची आत, मानपत्र बाहेर

मानपत्र लिहिणं सोपं असतं अशी माझी समजूत होती, कारण मी ते कधी लिहिलं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या अशा बऱ्याच समजुती असतात. पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवता चिकटवता आपल्यालाही थोडंफार लिहिता येत असेल असं वाटू लागतं, आणि कुणी तपासून पाहिलं नाही तर ते वाटणं म्हातारपणापर्यंत टिकतं. माझं टिकलं होतं. मोडलं ते एका पातेल्यामुळे.

आमची ही ओट्यावर ज्या चौकोनी लाकडी फळीवर दुधाचं गरम पातेलं ठेवत असे, ती फळी तिनं एकदा घासायला म्हणून उलटी केली. खालच्या बाजूला पितळेची पट्टी होती. पट्टीवर आमच्या सूनबाईचं नाव, आणि नावाखाली ‘भूलशास्त्र व अतिदक्षता उपचार यांतील संशोधनाबद्दल’ अशी अक्षरं कोरलेली.

“अहो, हे बक्षीस आहे!” ही स्वयंपाकघरातून ओरडली. “आणि मी त्यावर रोज दूध उतरवतेय!”

“पण ती बोलली कशी नाही?” मी विचारलं.

“तुमच्याच घरात आलीय ना. इथं बोलतं कोण?”

हे खरं होतं. चिरंजीव बोटीवर नोकरीला असतात, वर्षातला बराच काळ समुद्रावर. घरात आम्ही तिघं, आणि तिघांच्या वाटचं ही एकटीच बोलते. सूनबाई मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलाशी भूल देते आणि अतिदक्षता विभागात श्वासाच्या यंत्रावरचे पेशंट सांभाळते. ती अबोल, मी त्याहून अबोल. लग्न होऊन ती घरात आल्यापासून आमच्यातलं संभाषण ‘बाबा, किल्ली शेल्फवर ठेवलीय’ आणि ‘हो, बघितली’ एवढ्यावर सुखानं चाललं होतं. आमचं एकमेकांशी वाकडं अजिबात नव्हतं. फक्त कुठून सुरुवात करावी हे दोघांनाही कळत नव्हतं, आणि कळेपर्यंत ड्यूटीची वेळ व्हायची.

संध्याकाळी ती आली तेव्हा हिनं फळी तिच्यासमोर धरली. सूनबाईनं चपला काढत पाहिलं आणि म्हणाली, “अगंबाई, ते होय? बॅगेत फार जड होत होतं आई, म्हणून ओट्यावर ठेवलं होतं.”

एवढंच बोलून ती हात धुवायला गेली. आमच्या घरापुरता विषय तिथं संपला असता. पण आमच्या हिनं ही गोष्ट लिफ्टमध्ये फक्त एका बाईला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन आमच्या सोफ्यावर बसले होते.

आमच्या इमारतीचे चेअरमन पूर्वी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. अजूनही ते कुणाच्या घरात शिरले की पाळी बदलल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, “इमारतीतर्फे सत्कार झालाच पाहिजे! सभागृहात, माइक लावून! पण एक सांगा, भूल देणाऱ्यांचं संशोधन म्हणजे काय हो? सुई टोचली की माणूस झोपला. पुढं काय करतात ते?”

“उठवतात,” मी म्हणालो.

हे उत्तर मी विचार करून दिलं नव्हतं, पण दिल्यावर मला ते बरं वाटलं. चेअरमनना वाटलं नाही.

“ते आपोआप उठतात हो. माझ्या हर्नियाच्या वेळी मी आपोआप उठलो. काय सर्जन होते! देवमाणूस! नवं आयुष्य दिलं मला.”

“आणि भूल कुणी दिली होती?”

चेअरमन विचारात पडले. “कुणीतरी होतं,” ते शेवटी म्हणाले. “डोक्याच्या बाजूला.”

मला उगीच जिव्हाळा वाटला. ग्रंथपालाचंही असंच असतं. पुस्तक वाचून कुणाचं आयुष्य बदललं तर तो लेखकाचं नाव घेतो. पुस्तक काढून देणारं कुणीतरी होतं, खिडकीच्या बाजूला. तुलना करण्याची माझी लायकी नाही, हे मी लगेच मनाला बजावलं. पुस्तक चुकीचं दिलं तर माणूस मरत नाही, फार तर जांभया देतो.

रात्री जेवताना मी धीर करून विषय काढला. “सोसायटी म्हणतेय, तुझा सत्कार करायचा.”

तिनं घास तसाच हातात ठेवला. “बाबा, कशाला? मला नाही जमत ते. सगळे बघत बसतात.”

मला हे इतकं पटलं, की मी ‘बरं’ म्हणणारच होतो. पण आमची ही मध्ये पडली. “मानपत्र हे लिहिणार आहेत!”

हे मलाही त्याच क्षणी कळत होतं. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. अशी ती सहसा बघत नाही, मीही नाही.

“तुम्ही लिहिणार?” ती म्हणाली. “मग येईन.”

त्या दोन शब्दांनी मी असा बांधला गेलो की विचारू नका. तिला माझ्याकडून काही ऐकायचं होतं. इतकी वर्षं मलाही काही सांगायचं होतंच, पण ते सांगायला सोय नव्हती. आता सोय झाली होती, तीही माइकसकट.

संशोधन काय होतं ते समजून घेण्यासाठी चेअरमन स्वतःच एका रविवारी आले. सोबत तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या. त्या वही घेऊनच बसतात.

सूनबाईनं अवघडून सांगितलं, “अतिदक्षता विभागात पेशंटच्या घरच्यांना आत बसू देत नसत, काका. बाहेरून जंतू येतील, संसर्ग वाढेल, म्हणून. आम्ही घरच्यांना हात धुऊन, झगा घालून आत बसू दिलं, आणि वाढतो का ते बघितलं.”

“मग? वाढतो?”

“नाही.”

“म्हणजे कमी होतो!” चेअरमन खूश झाले.

“नाही काका. तेवढाच राहतो.”

चेअरमननी बाईंकडे पाहिलं. बाईंची पेन्सिल हवेत थांबली होती.

“म्हणजे संशोधन केलं आणि काही निघालं नाही?”

“हो ना,” सूनबाई समाधानानं म्हणाली. “काहीच फरक नाही निघाला. म्हणून तर आता सगळ्यांना आत बसता येतं.”

ती ड्यूटीवर गेल्यावर चेअरमन आवाज खाली आणून म्हणाले, “अहो, वाईट वाटून घेऊ नका, पण शोध म्हटला की काहीतरी सापडायला हवं. इथं तर काही सापडलं नाही याचंच बक्षीस दिलंय.”

“आपण ते जरा वर उचलू,” बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी मानपत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. पहाटे उठून आंघोळीआधी लिहिलं, भाजी आणायला गेलो तेव्हा मनात लिहिलं आणि भाजी विसरलो. शेवटी जे झालं ते मला बरं वाटत होतं. बरं वाटतंय म्हणजे त्यात काहीतरी चूक असणार, असं माझी सवय सांगत होती. तरीही मी ते बाईंच्या घरी कमिटीपुढे ठेवलं.

मुख्याध्यापिका बाईंनी ते लाल पेन्सिलीनं वाचलं. “भाषा शुद्ध आहे,” त्या म्हणाल्या. हे त्यांच्या शाळेत नापास मुलालाही सांगायची पद्धत असावी. “पण यात ‘नाही’ फार आहे. संसर्ग वाढत नाही, पेशंटला आठवत नाही, ती बोलत नाही. मानपत्रात ‘नाही’ शोभत नाही.”

“अहो, पण तिचा शोधच—”

“‘जंतूंशी झुंज देऊन विजय मिळवला’ असं करू.”

“तिनं झुंज दिली नाही हो. जंतू होते तेवढेच आहेत.”

“ते कुणी मोजायला येतंय?” चेअरमन म्हणाले.

वादातला मुद्दा मला नेहमी घरी पोचल्यावर सुचतो. त्या दिवशीचा मुद्दा मला जिन्यातच सुचला, म्हणजे तशी प्रगतीच. ‘अहो, तिनं नेमकं तेच केलं. मोजायला गेली.’ पण परत वर जाऊन बेल वाजवून हे सांगणं बरं दिसलं नसतं.

यानंतर घोडं अडलं ते सेक्रेटरींपाशी. सेक्रेटरींना सोसायटीची नियमावली तोंडपाठ आहे. त्यांनी दाखवून दिलं की सभागृह फक्त सभासदाच्या कार्यक्रमासाठी मिळतं, आणि फ्लॅट माझ्या नावावर असल्यानं सभासद मी.

“मग सत्कार तुमचा घ्यावा लागेल,” ते म्हणाले.

“माझा? कशाबद्दल?”

“ते नियमात नाही.”

बरीच खलबतं होऊन तोडगा निघाला. सत्कार सूनबाईचाच, पण मानपत्रावर आधी सभासदाचं नाव, आणि त्याखाली ‘यांच्या स्नुषा’. छापखान्यातून नमुना आला तेव्हा माझं नाव दुकानाच्या पाटीएवढं होतं, आणि सूनबाई औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढी. माझं नाव आयुष्यात कधी एवढ्या मोठ्या टायपात छापलं गेलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी ते वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलं.

फोटोचंही तसंच झालं. सूनबाईचे सगळे फोटो टोपी आणि मास्कमधले. त्यातून फक्त भुवया दिसत. मास्क नसलेला एकच फोटो सापडला. तो ऑपरेशन थिएटरबाहेरचा होता. मध्यभागी सर्जन हसताहेत, आणि त्यांच्या खांद्यामागे सूनबाईचा डावा कान. छापखानेवाल्यानं विचारलं, “मधले साहेबच ना?” चेअरमननी फोटो ओळखला. ते त्यांचेच देवमाणूस निघाले. त्यांनी लगेच फोन करून सर्जनना प्रमुख पाहुणे म्हणून पक्कं केलं, आणि फोटो होता तसा छापायला दिला.

मी सूनबाईला सहज विचारलं, “आपल्या चेअरमनच्या हर्नियाला तू होतीस का गं?”

“पेशंटचं बाहेर सांगायचं नसतं, बाबा,” ती म्हणाली, आणि हसू लपवायला तिनं फ्रिज उघडला.

पुढे म्हणाली, “लिहून झालं?”

“झालं,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. माझं झालंच होतं. मानपत्राच्या फ्रेममध्ये कमिटीनं काय बसवलंय ते सांगायचा मला धीर झाला नाही. ती येणार होती ती माझ्या शब्दांसाठी. आणि चारचौघांत मला वाचावं लागणार होतं की तिनं मृत्यूच्या जबड्यात हात घालून जंतूंना धूळ चारली. ती मान खाली घालून ऐकून घेणार, घरी येणार आणि किल्ली शेल्फवर ठेवणार. त्यानंतर ती माझ्याकडून कधी काही ऐकायला थांबेल असं मला वाटेना.

सत्काराच्या दिवशी दुपारीच तिला रुग्णालयातून बोलावणं आलं. यंत्रावरच्या कुणाचीतरी तब्येत बिघडली होती. जाताना ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, “बाबा, सॉरी. मला खरंच यायचं होतं.”

माझी तर सुटकाच झाली होती. असं वाटल्याची मला शरम वाटली, आणि मी फक्त “जा, जा” म्हणालो.

सत्कार मात्र थांबला नाही, कारण माइकवाला आलेला होता. व्यासपीठावर मध्यभागी एक रिकामी खुर्ची, तिच्या एका बाजूला सर्जन, दुसऱ्या बाजूला मी. सर्जन तसे सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, “भूलतज्ज्ञांशिवाय आम्ही काहीच करू शकत नाही.” टाळ्या पडल्या. मग आपण काय काय करू शकतो ते त्यांनी बराच वेळ सांगितलं. चेअरमननी डोळे पुसले. श्रोत्यांतून प्रश्न आले, त्यातले बरेचसे गुडघ्यांबद्दल होते. मला वाचायला उभं केलं तेव्हा मी माइकसमोर जाऊन उभा राहिलो, फ्रेमकडे पाहिलं, आणि माझा आवाज फुटेना. घसा खाकरला, तोच तेवढा माइकमधून सगळ्यांना ऐकू गेला. शेवटी बाईंनी माझ्या हातातून फ्रेम घेतली आणि शाळेच्या आवाजात वाचून दाखवली. जंतूंना धूळ चारली तिथं जोरदार टाळ्या पडल्या.

खाली आल्यावर ही म्हणाली, “अहो, ते तुमचं नव्हतं.”

“तुला काय माहीत?”

“भाजी विसरून जे लिहीत होतात ते असलं असेल होय? आता ही तसबीर न्या आणि देऊन या तिला. आणि तुमचं खरं तिला वाचून दाखवा.”

“तिच्यासमोर? माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“मग नुसते जा. तिनं दुपारपासून काही खाल्लेलं नाही, डबा तरी पोचेल.”

अशा रीतीनं एका हातात डबा आणि काखेत दाराच्या फळीएवढी फ्रेम घेऊन मी रिक्षानं रुग्णालयात पोचलो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या माणसानं फ्रेमकडे पाहिलं. त्यावरचं माझं मोठ्या टायपातलं नाव आणि सर्जनचं हसू पाहिलं.

“ही तसबीर आत नाही जायची, आजोबा.”

मला भरून आलं. एवढा समजूतदार अधिकारी मला त्या सगळ्या प्रकरणात भेटला नव्हता. मी फ्रेम चपलांच्या कप्प्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभी केली. डबा त्याच्याकडे दिला. आता सूनबाईला निरोप पाठवावा म्हणून मी तोंड उघडलं, एवढ्यात दार ढकलून एक नर्स बाहेर आली.

“आलात का? केव्हाची वाट बघतोय! चला, हात धुवा.”

“मी खरं म्हणजे—”

“कोपरापर्यंत. हं. हा झगा घाला. मागून बांधते मी.”

“नाही, माझं असं होतं की—”

“घाबरू नका, आता बरे आहेत ते. दुपारी फार त्रास झाला, पण डॉक्टरबाई हलल्या नाहीत इथून. घरचं कुणी दिसलं की जरा शांत होतील. तुम्ही भाऊच ना? चेहऱ्यावरनं कळतंच.”

ज्यांना माझी वाक्यं पुरी करता येतात अशा माणसांपुढे मी आयुष्यभर हरलेलो आहे. भानावर येईपर्यंत मी एका खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेलो होतो. समोर माझ्याच वयाचे एक अनोळखी गृहस्थ, तोंडात नळी, डोळे अर्धे मिटलेले. त्यांची बोटं चादरीवर काहीतरी शोधत होती. मी उठायचं ठरवलं. त्याच वेळी त्या बोटांना माझा हात सापडला आणि त्यांनी तो धरला. मग उठणं बरं दिसेना.

मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक खाटेशी एक खुर्ची होती. कुठली निळी, कुठली पांढरी, एक तर कँटीनमधली असावी. एका खुर्चीत एक बाई मोबाइलवरचे घरचे निरोप वाचून दाखवत होती. दुसरीत एक तरुण नुसताच बसला होता, आईच्या पावलावर हात ठेवून. यंत्रं बारीक आवाज करत होती. कुणी रडत नव्हतं, झुंजत नव्हतं. माणसं आपल्या माणसाशेजारी बसली होती. मला एकदम कळलं की मी सूनबाईचं संशोधन बघतोय. पूर्वी या खुर्च्या दाराबाहेर असायच्या. ही सगळी माणसं तिथं बसून दर वेळी दार उघडलं की उभी राहायची.

“बोला त्यांच्याशी,” जाता जाता नर्स म्हणाली. “ऐकू येतं त्यांना.”

मी काय बोलणार? मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. मी “हं,” म्हणालो. त्यांच्या बोटांची पकड घट्ट झाली. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं, आणि मला तर बोलायचं म्हटलं की काही आठवत नाही. एकच मजकूर मला अडखळल्याशिवाय तोंडपाठ होता. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

“माणूस झोपी जातो,” मी म्हणालो, “तेव्हा त्याच्या उशाशी कुणीतरी उभं असतं. जागा झाल्यावर तो आपल्या माणसांना शोधतो. उशाशी उभं राहिलेलं माणूस त्याला आठवत नाही, आणि त्या माणसाची तशी अपेक्षाही नसते. असं एक माणूस आमच्या घरात राहतं.”

माझा आवाज कापत नव्हता. मलाच नवल वाटलं.

“तिनं एक गोष्ट मोजून पाहिली. आजारी माणसाजवळ त्याचं माणूस बसलं तर अपाय होतो का? होत नाही, असं तिला आढळलं. हा शोध ऐकायला लहान आहे. पण तो लागला नव्हता तोवर कितीतरी जणांचा शेवटचा निरोप दाराबाहेर राहून गेला असेल. आम्ही दोघं फारसं बोलत नाही. तिचा दोष नाही, आम्हाला दोघांनाही शब्द उशिरा सुचतात. ती कामावरून येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळतं, आज कुणी वाचलं की नाही. तेव्हा मी किल्लीबद्दल काहीतरी बोलतो. मला म्हणायचं असतं की तू या घरात आहेस याचा मला अभिमान वाटतो. इतकंच. आपला, सासरा.”

‘आपला, सासरा’ असं मानपत्राच्या शेवटी लिहायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण तेवढं काढायचं राहून गेलं होतं.

त्या गृहस्थांचा श्वास आता संथ झाला होता. मला वाटलं, त्यांना झोप लागली. निदान मानपत्राचा तेवढा तरी उपयोग झाला. तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी हललं.

मी मान वळवली. टोपी, मास्क आणि त्यांच्या मधल्या भुवया. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. ओरडेल असं मला वाटलं. कुणाच्याही खाटेशी जाऊन बसलेला सासरा हा कुठल्याच नियमावलीत बसत नसणार.

“मी सांगत होतो गं,” मी पुटपुटलो. “त्या ऐकेनात. यांचे भाऊ कुणीतरी दुसरेच आहेत. मी उठतो.”

“त्यांची गाडी चुकलीय. यायला वेळ लागेल,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा येत होता, पण मास्कमधून सगळ्यांचाच येतो. तिनं वाकून त्या गृहस्थांची नाडी धरली, माझ्या हाताच्या शेजारीच. “त्यांनी तुमचा हात धरलाय. बसाल का बाबा?”

“बसतो की.”

ती सलाइनपाशी गेली, नळीतले थेंब बघत उभी राहिली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, “त्यांना अजून पुरती झोप नाही लागलेली. परत म्हणा. सुरुवातीचं माझं हुकलं.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे बघून मला ते कधीच म्हणता आलं नसतं, आणि हे तिला ठाऊक असावं. मी खुर्ची जरा पुढे ओढली, त्या अनोळखी गृहस्थांच्या कानाशी वाकलो, आणि या वेळी थोडं मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.